लेकराला भागाकार येतो, मग तुलना का चुकते?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सातवीत आहे. गुणोत्तराला अतिसंक्षिप्त रूप देते, भागाकारही बिनचूक करते. पण ‘कोणतं स्वस्त’, ‘कोण जास्त वेगाने’ असं विचारलं की कशाला कशाने भागायचं ते तिला उमगत नाही, आणि निम्म्या वेळा उत्तर उलटं येतं. तुम्ही दहावीपर्यंत शिकलेले, शेती करता, आणि घरी तिला हे कसं समजवावं असं विचारलं आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांमधून वर्षानुवर्षं गणित शिकवतो आहे, आणि ही अडचण प्रत्येक वर्गात असते. फळ्यासमोर उभं राहून लेकरू विचारतं, “सर, वर कोनता आकडा घेऊ?” पुष्कळदा त्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की मोठ्याला लहानाने भाग. मला सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होताना दिसतं. त्याने भागाकार सोपा होतो, पण आलेल्या आकड्याचा अर्थ हरवतो. तुमच्या मुलीची गाडी बहुधा इथंच अडली असावी.

आपल्या वावरातलं उदाहरण घ्या. कापसाचा पहिला वेचा चालू आहे. एका बाईने ६ तासांत ४२ किलो कापूस वेचला, दुसरीने ८ तासांत ५२ किलो. कोणाचा हात जास्त चालतो?

पहिली रीत: किलोला तासांनी भागा. ४२ ÷ ६ = ७ आणि ५२ ÷ ८ = ६.५. म्हणजे पहिली तासाला ७ किलो वेचते, दुसरी तासाला साडेसहा. पहिलीचा हात जास्त चालतो.

दुसरी रीत: तासांना किलोने भागा. पहिलीला ४२ किलोला ३६० मिनिटं लागली, म्हणजे किलोमागे साधारण ८.६ मिनिटं. दुसरीला ५२ किलोला ४८० मिनिटं, म्हणजे किलोमागे साधारण ९.२ मिनिटं. इथे लहान आकडा ज्याचा, तो चपळ. पहिलीच पुढे.

दोन्ही भागाकार बरोबर आहेत. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येतं. फरक इतकाच की पहिल्या रीतीत मोठा आकडा चांगला आणि दुसऱ्या रीतीत लहान आकडा चांगला. तुमची मुलगी भागाकार दुसऱ्या रीतीने करते आणि निकाल पहिल्या रीतीचा लावते, म्हणून उत्तर उलटं येतं. तिला ‘तू चुकीचं भागलंस’ असं सांगू नका. तसं सांगितलं की तिची समजूत होते की कुठेतरी एक बरोबर बाजू ठरलेली आहे आणि ती आपल्याला पाठ होत नाही.

तिला एकच सवय लावा. भागाकार करायच्या आधी कागदावर शब्दांत लिहायचं: ‘तासामागे किती किलो’ किंवा ‘किलोमागे किती मिनिटं’. ज्याच्यामागे, तो आकडा खाली, म्हणजे त्याने भागायचं. उत्तर आलं की आकड्यापुढे तेच शब्द पुन्हा लिहायचे. नुसतं ७ लिहिलेलं चालवून घेऊ नका, ‘तासामागे ७ किलो’ असं पूर्ण लिहायला लावा. मग विचारा, ‘हे जास्त असलेलं बरं की कमी?’ या प्रश्नाचं उत्तर गणितात सापडत नाही, ते आकड्यापुढच्या शब्दांत असतं. तासामागे किलो जास्त बरे, किलोमागे मिनिटं कमी बरी, किलोमागे रुपये विकताना जास्त बरे आणि घेताना कमी बरे. पंधरा दिवस एवढं एक सांभाळलंत तरी बरीचशी गाडी रुळावर येईल.

आता गुणोत्तराकडे. इथे दुसरी एक गल्लत होते आणि ती मुळातली आहे. लेकरं तुलना वजाबाकीने करतात. वर्गात हा प्रश्न मी नेहमी घालतो: १५ लिटरच्या पंपाला ३० मिली औषध लागतं, तर २० लिटरच्या पंपाला किती? बरीच मुलं म्हणतात ३५. कारण पाणी ५ ने वाढलं, औषधही ५ ने वाढवलं. त्यांना ते अगदी न्याय्य वाटतं. खरं उत्तर ४० मिली आहे, कारण दर लिटरमागे २ मिली जातं आणि ते प्रत्येक लिटरला जायला हवं.

हे समजवताना सूत्र काढू नका, टोकाचं उदाहरण द्या. तिला विचारा, १ लिटर पाण्याला किती? वजाबाकीच्या हिशोबाने पाणी १४ ने कमी झालं, म्हणून औषध १६ मिली. पंपात लिटरमागे २ मिली आणि इथे एका लिटरला १६? तिला स्वतःलाच ते पटणार नाही. चुकीचा विचार टोकापर्यंत नेऊन दाखवला की तो आपोआप सुटतो. माझ्या अनुभवात याच्यासारखा उपाय दुसरा नाही.

फवारणीचाच विषय निघाला म्हणून एक गोष्ट मनापासून सांगतो. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती: औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षण नसणं, डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी (कपाशी). पण डबीच्या झाकणाने अंदाजे माप घालण्याची सवय आपल्याकडे आजही आहे. घरातल्या सातवीच्या मुलीला लेबलवरचं ‘मिली प्रति लिटर’ वाचून आपल्या पंपाचा हिशोब करता आला, तर ते गणित परीक्षेच्या कितीतरी पुढचं आहे. हिशोब तिच्याकडून करून घ्या. औषधाला हात मात्र तिला लावू देऊ नका.

निंबोळी अर्काचं उदाहरण तिच्यासोबत बिनधास्त करता येतं, आणि त्यात गुणोत्तराची एक बारीक खोच आहे. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून १० लिटर अर्क करायचा, आणि मग १ लिटर अर्कात ९ लिटर पाणी घालून फवारायचं. अर्क आणि पाणी यांचं गुणोत्तर १ : ९. आता विचारा, १५ लिटरच्या पंपाला अर्क किती? पुष्कळ मुलं १५ ला ९ ने भागतात आणि १.६७ लिटर असं उत्तर काढतात. गडबड इथे आहे की ९ हा आकडा पाण्याचा आहे, पंपात मावणाऱ्या एकूण द्रावणाचा नाही. एकूण भाग १ + ९ = १०. म्हणून १५ ÷ १० = १.५ लिटर अर्क आणि १३.५ लिटर पाणी.

‘भाग : भाग’ आणि ‘भाग : एकूण’ यांतली ही सरमिसळ पुढे आठवी-नववीपर्यंत मुलांची पाठ सोडत नाही. वर्गात मुली आणि मुलगे २ : ३ आहेत म्हटलं की मुली दोन तृतीयांश असं लिहून मोकळे होतात. (मुली वर्गाच्या दोन पंचमांश असतात.) म्हणून गुणोत्तर लिहितानाही शब्द हवेतच: ‘अर्क : पाणी’ की ‘अर्क : द्रावण’? आधी नावं, मग आकडे.

यानंतरचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि पाठ्यपुस्तकात त्याला सगळ्यात कमी जागा मिळते. पुस्तकातल्या उदाहरणांत दोन्ही बाजूंची मापं आधीच जुळलेली असतात: ५ पेन इतक्याला, ८ पेन तितक्याला. बाजारात ती जुळलेली नसतात, आणि फसगत नेमकी तिथे होते.

तेलाचा पिपा घ्या. समजा एका दुकानात १५ किलोचा पिपा २,२५० रुपयांना आहे आणि दुसऱ्या दुकानात १५ लिटरचा पिपा २,१०० रुपयांना. दोन्हींवर १५ लिहिलेलं, म्हणून दुसरा दीडशे रुपयांनी स्वस्त वाटतो. पण सोयाबीन तेलाचा एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतो, म्हणून १५ लिटर म्हणजे १३.६५ किलो. पहिल्या पिप्याचा दर किलोमागे १५० रुपये. दुसऱ्याचा २,१०० ÷ १३.६५, म्हणजे किलोमागे सुमारे १५३ रुपये ८५ पैसे. स्वस्त वाटलेला पिपा महाग निघाला.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी त्रैराशिकाचा, म्हणजे तीन माहीत आकड्यांवरून चौथा काढण्याचा, नियम सांगताना प्रमाण (माहीत असलेलं माप), फल (त्या मापाला मिळणारं) आणि इच्छा (ज्याचं फल काढायचं ते माप) अशा तीन राशी मांडल्या आणि सांगितलं की प्रमाण आणि इच्छा एका जातीचे असतात. किलोपुढे किलो, लिटरपुढे लिटर. आठशे वर्षांपूर्वीची ही अट तेलाच्या पिप्याला आजही जशीच्या तशी लागू आहे.

संत्र्यांत तर याहून मजेशीर पेच पडतो. वरुड-मोर्शीकडची संत्री कोणी ६० रुपये डझन देतो, कोणी ४५ रुपये किलो. कोणतं घ्यावं? नुसत्या दोन दरांवरून सांगताच येत नाही. मध्ये एक तिसरा आकडा लागतो: किलोत किती फळं बसतात. मोठी फळं असतील आणि किलोत ६ बसत असतील, तर डझन म्हणजे २ किलो, किलोमागे ३० रुपये, डझनाने घ्यावं. फळ बारीक असेल आणि किलोत १० बसत असतील, तर डझन भरतं १.२ किलो, किलोमागे ५० रुपये. मग किलोनेच घेतलेलं बरं. हा प्रश्न मुलीला नक्की घाला, आणि मुद्दाम तिसरा आकडा देऊ नका. ‘बाबा, एका किलोत किती येतात ते तर सांगा’ असं तिने स्वतःहून विचारलं, तर विषय तिला समजला असं मी म्हणेन, पुढचा भागाकार ती करो न करो.

किराण्याच्या पाकिटांवर आता एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात एककाचा दरही छापलेला असतो. फक्त तिथेही माप बघावं लागतं: किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅममागे असतो, किलोच्या वरच्या पाकिटावर किलोमागे. धुण्याच्या पावडरच्या लहान पाकिटावर ‘०.१३ रुपये प्रति ग्रॅम’ आणि मोठ्या पिशवीवर ‘१२० रुपये प्रति किलो’ असेल, तर ०.१३ ला १,००० ने गुणून १३० करा आणि मग तुलना करा. दुकानात उभ्या उभ्या होणारा हा सराव आहे, वहीसुद्धा लागत नाही.

युरियाचं पोतं तर तुमच्या घरातच आहे. पूर्वी ते ५० किलोचं होतं, २०१८ पासून ४५ किलोचं झालं. कर आणि निंबोळी लेपाचा खर्च सोडून ५० किलोची किंमत २६८ रुपये, ४५ किलोची २४२. पोतं २६ रुपयांनी उतरलं, पण किलोमागे बघा: २६८ ÷ ५० = ५.३६ आणि २४२ ÷ ४५ = ५.३८ च्या आसपास. दर होता तिथेच राहिला, माप बदललं. आणि ज्यांचा हिशोब ‘एकरी दोन पोती’ असा चालतो, त्यांच्या वावरात १०० किलोऐवजी ९० किलोच पडू लागलं. पोतं, टोपलं, चुंगडी, झाकण ही मापं हाताशी असतात म्हणून सोयीची, पण तुलना करताना त्यांच्या आत किती आहे ते विचारायलाच हवं. खताच्या बाबतीत आणखी एक पायरी खाली जाता येते. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र. एकराला २५ किलो नत्र द्यायचं असेल तर २५ ÷ २०.७, म्हणजे साधारण सव्वा पोतं. इथे शब्द झाले ‘पोत्यामागे किती किलो नत्र’.

दोन दरांची सरासरी काढताना मोठी माणसंही चुकतात, म्हणून तेही सांगून ठेवतो. तुमच्या दोन एकराच्या तुकड्यात एकरी ८ क्विंटल कापूस झाला आणि सहा एकराच्या तुकड्यात एकरी ४ क्विंटल. सगळ्या वावराचा एकरी उतारा किती? ८ आणि ४ यांची सरासरी ६, असं उत्तर चटकन येतं. पण एकूण कापूस १६ + २४ = ४० क्विंटल आणि एकूण जमीन ८ एकर, म्हणजे एकरी ५. कमी उताऱ्याचा तुकडा मोठा आहे, त्याचं वजन जास्त पडतं. दरांची थेट सरासरी काढू नये. आधी माल एकत्र करावा, जमीन एकत्र करावी, मग भागावं. मोटरसायकलचंही तसंच: जाताना ताशी ६० आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ३० या वेगाने आलात, तर सरासरी ताशी ४० पडते, ४५ नाही. ३० किलोमीटरचं अंतर धरून तिला तास मोजायला लावा: जायला अर्धा तास, यायला एक तास, ६० किलोमीटरला दीड तास.

आणि सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं हे विसरू नका. १ हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. कृषी सहायकाने हेक्टरी १२ क्विंटल म्हटलं आणि तुमचा एकरी ५ आला, तर तुम्ही मागे नाही. तुमचा हेक्टरी १२.३५ होतो.

व्यस्त प्रमाणाबद्दल थोडंच पुरे. बाया वाढल्या की दिवस कमी होतात. ६ बायांना निंदायला ४ दिवस लागत असतील तर काम २४ रोजांचं (एक रोज म्हणजे एका बाईचं एका दिवसाचं काम). ८ बाया लावल्या तर ३ दिवस. रोज हा शब्द तुमच्या घरात रोजचाच आहे, त्यामुळे हे तिला लवकर उमगेल.

आधी ‘एकामागे किती’ काढायच्या या सगळ्या रीतीला शाळेत एकमान पद्धत म्हणतात, आणि शिष्यवृत्ती किंवा नवोदयच्या परीक्षेला वेळ वाचवायला मुलांना तिरकस गुणाकार शिकवतात. वर दिलेल्या वेचणीत ४२ × ८ = ३३६ आणि ५२ × ६ = ३१२, पहिला गुणाकार मोठा म्हणून पहिली बाई पुढे. रीत बरोबर आहे, पण ती का चालते हे कळल्याशिवाय तिला वापरू देऊ नका. ३३६ म्हणजे पहिली बाई त्याच वेगाने ४८ तासांत वेचेल तेवढा कापूस, ३१२ म्हणजे दुसरी तेवढ्याच ४८ तासांत वेचेल तेवढा. दोघींना सारखा वेळ दिला, म्हणून तुलना झाली. हे कळलेली मुलगी परीक्षेत कोणता आकडा कशाला गुणायचा ते विसरली तरी स्वतः उभं करू शकते.

शेवटी एक उदाहरण तुम्ही दोघं मिळून सोडवा. ते सातवीच्या पुस्तकात नाही, पण त्याशिवाय हा विषय अर्धा राहतो. गावातला व्यापारी सोयाबीनला क्विंटलमागे ४,२०० रुपये देतो, वजन पूर्ण धरतो, माल घरून उचलतो. तालुक्याला ४,३५० चा भाव आहे, पण तिथे क्विंटलमागे १ किलो कडता (वजनातली कपात) कापतात आणि टेम्पोचं भाडं खेपेला १,२०० रुपये, माल कितीही असो. हमाली-अडत तूर्त बाजूला ठेवा. कुठे विकावं?

तालुक्याला १०० किलोमागे ९९ किलोचेच पैसे मिळतात, म्हणून हातात येणारा भाव ४,३५० × ०.९९ = ४,३०६ रुपये ५० पैसे. गावापेक्षा क्विंटलमागे १०६ रुपये ५० पैसे जास्त. आता १० क्विंटल धरा: गावात ४२,०००, तालुक्याला ४३,०६५ वजा १,२००, म्हणजे ४१,८६५. गावातच विकणं बरं. २० क्विंटल धरा: गावात ८४,०००, तालुक्याला ८६,१३० वजा १,२००, म्हणजे ८४,९३०. आता तालुका बरा. माल दुप्पट झाला तरी भाडं दुप्पट झालं नाही, म्हणून इथे एकमान पद्धत सरळ चालत नाही. १० क्विंटलवरून काढलेला क्विंटलमागचा दर २० क्विंटलला लावला तर निर्णय चुकेल. पारडं कुठे फिरतं ते काढायला १,२०० ला १०६.५ ने भागा: ११.२७. म्हणजे ११ क्विंटलपर्यंत गाव, १२ पासून पुढे तालुका. १२ क्विंटलला फायदा जेमतेम ७८ रुपयांचा आहे, तेवढ्यासाठी दिवस घालवायचा का ते तुम्ही ठरवा. आकडे मात्र यंदा तुमच्याकडे चालू असलेल्या भावाचे आणि भाड्याचे घाला, आणि भागाकार तिच्याकडून करून घ्या.